युद्धनौकांची नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौदल दिन जवळ आला किंवा एखादी नवी नौका दाखल झाली की तेच प्रश्न पुन्हा येतात. शाळेतली मुलं विचारतात, निवृत्त नौसैनिकांच्या घरचे विचारतात, अलिबाग-मालवणकडचे वाचक विचारतात की आमच्या किल्ल्याचं नाव पाणबुडीला कसं लागलं. उत्तरं भारतीय नौदलापुरती आहेत. हवा तो प्रश्न तेवढाच वाचता येईल अशी मांडणी केली आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युद्धनौकेचं नाव ठरवतं कोण? नौदल, सरकार की बांधणारी गोदी?

गोदीचा यात संबंध नाही. गोदीच्या लेखी नौका म्हणजे एक यार्ड नंबर. माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'इंफाळ' नौदलाच्या ताब्यात जाईपर्यंत कागदोपत्री 'यार्ड १२७०६' होती. नावाचा विचार नौदल मुख्यालयातली नामकरण समिती करते, ते नौदलप्रमुखांकडे जातं आणि अखेरची मान्यता राष्ट्रपतींची असते, कारण राष्ट्रपती तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती. 'इंफाळ' या नावाला ही मान्यता एप्रिल २०१९ मध्ये मिळाली आणि २६ डिसेंबर २०२३ रोजी नौका मुंबईत दाखल झाली. ईशान्य भारतातल्या शहराचं नाव मिळालेली ही पहिली मोठी युद्धनौका. तिच्या मानचिन्हावर एका बाजूला कांगला राजवाडा आणि दुसऱ्या बाजूला कांगला-सा हा मणिपूरचा पौराणिक प्राणी आहे. समुद्रापासून इतक्या लांबच्या डोंगरी राज्याचं चिन्ह अरबी समुद्रात फिरतंय, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

२. 'आयएनएस' म्हणजे काय? ते नावाआधी कधीपासून लागतं?

'इंडियन नेव्हल शिप', म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज. २६ जानेवारी १९५० पासून हे बिरुद वापरात आलं. त्याआधी 'एचएमआयएस' होतं, म्हणजे ब्रिटिश राजाचं भारतीय जहाज.

वर्तमानपत्रांत हमखास एक चूक होते. जलावतरण झालं की बातमीत लगेच 'आयएनएस अमुक' छापून येतं. जलावतरणाला नौका फक्त पाण्यात उतरते. पुढे यंत्रं, शस्त्रं बसतात, समुद्रात चाचण्या होतात, आणि या सगळ्याला काही वर्षं जातात. दाखल होण्याच्या दिवशी नौदलाचा ध्वज पहिल्यांदा चढतो, तेव्हा ती 'आयएनएस' होते. निवृत्तीच्या दिवशी सूर्यास्ताला तोच ध्वज उतरतो आणि बिरुद जातं. जुनी विक्रांत १९९७ नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा तिला 'आयएमएस विक्रांत' म्हणत. मधला 'एम' म्युझियमचा.

३. जलावतरणाला नारळ कोण फोडतं?

प्रथेप्रमाणे हा मान एखाद्या स्त्रीचा. पाश्चात्त्य देशांत नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, शॅम्पेनची बाटली फोडतात, आपल्याकडे नारळ, आणि सोबत अथर्ववेदातल्या मंत्रांचं पठण. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या कोळीवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नव्या विक्रांतचं जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ रोजी कोचीत तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या पत्नी एलिझाबेथ अँटनी यांच्या हस्ते झालं. पहिल्या नीलगिरीचं १९६८ मध्ये इंदिरा गांधींनी केलं होतं.

४. कोणत्या नौकेला कसलं नाव, याचे काही नियम आहेत का?

संकेत आहेत. विमानवाहू नौकांना पराक्रम किंवा भव्यता सांगणारी नावं: विक्रांत, विराट, विक्रमादित्य. विनाशिकांना शहरं: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. फ्रिगेटना (विनाशिकेहून लहान युद्धनौका) पर्वत, नद्या किंवा शस्त्रं: सह्याद्री, गोदावरी, तलवार. कॉर्व्हेटना (फ्रिगेटहूनही लहान) हातातली शस्त्रं किंवा बेटं: खुकरी, कृपाण, कामोर्ता. पाणबुड्यांना शिकारी मासे किंवा समुद्राशी जोडलेले शब्द. तेल पुरवणाऱ्या जहाजांना प्रकाश आणि ऊर्जेची: ज्योती, दीपक, शक्ती. सागरी सर्वेक्षणाच्या जहाजांना त्यांच्या कामावरून: संधायक, निर्देशक.

अपवाद भरपूर आहेत. विनाशिकांना राजधान्यांची नावं द्यायची असं म्हणतात, पण सुरत आणि मुरगाव कुठल्याच राज्याच्या राजधान्या नाहीत. शिवाय राजपूत वर्गातल्या (एकाच आराखड्याच्या नौकांचा गट म्हणजे वर्ग) विनाशिकांची नावं (राणा, रणजित, रणवीर, रणविजय) शहरांची नव्हेत, लढवय्यांची. संकेताला मुरड घालायला जुनं नाव पुढे चालवणं हे पुरेसं कारण मानलं जातं (प्रश्न ६ पाहा).

५. एका वर्गातल्या सगळ्या नौकांची नावं एकाच अक्षरानं का सुरू होतात?

नाव ऐकताच कोणत्या जातीची नौका ते कळावं म्हणून. रशियन बांधणीच्या तलवार वर्गात तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तरकश, त्रिकंड अशी सगळी 'त'ची शस्त्रं. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या तुशील आणि तमाल यांनीही अक्षर सोडलं नाही. कधी अक्षराऐवजी अख्खा शब्दच धरलेला असतो: सिंधुघोष, सिंधुराज, सिंधुकीर्ती या पाणबुड्या, किंवा नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी या फ्रिगेट. वर्ग ओळखला जातो पहिल्या नौकेच्या नावानं.

६. इतकी सुंदर नावं शिल्लक असताना जुनीच नावं पुन्हा का देतात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बरेच जण तो जरा नाराजीनं विचारतात. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तेव्हा घरात नावांचा तुटवडा नसतो. त्या नावामागे जे आहे ते पुढच्या पिढीकडे जावं, एवढीच इच्छा असते.

नौदलात ही गोष्ट अगदी हाताला लागेल अशी दिसते. पहिली 'करंज' ही सोव्हिएत बांधणीची पाणबुडी. १९७१ च्या युद्धात तिचं नेतृत्व व्ही. एस. शेखावत यांनी केलं, जे पुढे नौदलप्रमुख झाले. १० मार्च २०२१ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत नवी 'करंज' दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून तेच निवृत्त अ‍ॅडमिरल शेखावत उभे होते. पन्नास वर्षांपूर्वी त्या नावाची पाणबुडी युद्धात नेलेला माणूस समोर, आणि त्या दिवशी त्याच नावाच्या पाणबुडीवर चढणारी विशी-पंचविशीतली पोरं. नवं नाव दिलं असतं तर ही भेट झाली नसती.

विक्रांतचंही तेच. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला दाखल झालेल्या पहिल्या विक्रांतच्या विमानांनी १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या दुसऱ्या विक्रांतला नावाबरोबर जुन्या नौकेचं ऋग्वेदातलं बोधवाक्यही मिळालं: 'जयेम सं युधि स्पृधः', युद्धात आम्हाला भिडणाऱ्यांना आम्ही जिंकू.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौका होत्या निपात, निर्घात आणि वीर. त्या रात्रीमुळेच ४ डिसेंबर हा नौदल दिन. त्या छोट्या नौका निवृत्त झाल्यावर तिन्ही नावं पुढच्या पिढीच्या क्षेपणास्त्र नौकांना दिली गेली. ती नावं रिकामी ठेवणं कुणाच्याच जिवाला पटलं नसतं.

७. नावाबरोबर नौकेवरचा नंबरही परत येतो का?

पुष्कळदा येतो. नौकेच्या अंगावर रंगवलेल्या त्या अक्षर-आकड्याला पेनंट नंबर म्हणतात. दोन्ही विक्रांत आर-११. जुनी नीलगिरी एफ-३३, नवीही एफ-३३. कधी आकडा थोडा बदलतो, पण धागा दिसत राहतो: जुनी तलवार एफ-१४०, नवी एफ-४०, जुना त्रिशूल एफ-१४३, नवा एफ-४३. जुनी खुकरी एफ-१४९, तर तिच्या नावाची कॉर्व्हेट पी-४९. जुने फोटो ओळखताना मात्र यामुळेच फसगत होते. निव्वळ नंबरावर जाऊ नका, नौकेची ठेवण पाहा.

८. एकाच वेळी एका नावाच्या दोन नौका असू शकतात का?

सेवेत असलेल्या दोन नसतात. संदेश, रसद, बदल्यांचे हुकूम सगळं नावावर चालतं, तिथे घोटाळा परवडणारा नाही. जुन्या घरांत आजोबा हयात असताना नातवाला त्यांचं नाव ठेवत नसत, तसंच काहीसं.

अडचणीचा प्रसंग असा: नव्या विक्रांतचं जलावतरण झालं तेव्हा जुनी विक्रांत मुंबईत पाण्यावरच होती. पण ती १९९७ मध्येच निवृत्त झालेली होती, म्हणजे नाव मोकळं होतं.

९. बुडालेल्या नौकेचं नाव अशुभ मानत नाहीत का?

आपल्या नौदलात नाही. हे खुकरीच्या उदाहरणानं सांगतो.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं आयएनएस खुकरी टॉर्पेडोनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना बाहेर पडणं शक्य होतं, पण त्यांनी आपल्या माणसांना बाहेर काढलं आणि स्वतः नौकेबरोबर राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्या रात्री जवळच 'कृपाण' होती.

अठरा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली कॉर्व्हेट 'खुकरी' याच नावानं दाखल झाली. तिच्या जोडीच्या नौकांपैकी एकीचं नाव ठेवलं 'कृपाण'. ही दुसरी खुकरी बत्तीस वर्षं समुद्रात राहिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली. मग ती भंगारात गेली नाही. २०२२ मध्ये तिला दीवला नेऊन प्रशासनाच्या हवाली केलं, संग्रहालय म्हणून. जिथे पहिली खुकरी तळाशी आहे, त्याच किनाऱ्यावर दुसरी उभी आहे. दीवला गेलात तर मुल्लांच्या स्मारकापाशी आधी जा आणि मग ही नौका पाहा. त्या क्रमानं पाहिलं की कळतं.

विंध्यगिरीचं उदाहरण शांततेच्या काळातलं. ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एका व्यापारी जहाजाशी तिची टक्कर झाली, आग लागली आणि ती धक्क्यालाच बुडाली. तिचंही नाव १७ ऑगस्ट २०२३ रोजी कोलकात्यात पाण्यात उतरलेल्या नव्या फ्रिगेटला मिळालं.

१०. परदेशातून घेतलेल्या जहाजांचं आधीचं नाव काय होतं? ते बदलतातच का?

बदलतात. पहिली विक्रांत ब्रिटिशांची 'हर्क्युलिस', विराट म्हणजे 'हर्मिस', विक्रमादित्य म्हणजे 'अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह', आणि सैन्य-रणगाडे वाहणारी जलाश्व म्हणजे अमेरिकेची 'ट्रेन्टन'.

यातली सगळ्यात मोठी पूर्वपुण्याई पहिल्या 'दिल्ली'ची. ती न्यूझीलंडच्या नौदलातली क्रूझर 'अकिलीस'. १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मनीच्या 'ग्राफ श्पे' या युद्धनौकेवर चालून गेली होती. १९४८ मध्ये भारतानं घेतली आणि डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या मुक्तीत तिच्या तोफा चालल्या.

भाड्यानं घेतलेल्या नौकेलाही आपलंच नाव मिळतं. रशियाकडून दोन वेळा घेतलेल्या वेगवेगळ्या अणुपाणबुड्यांना (१९८८ ते १९९१ आणि २०१२ ते २०२१) 'चक्र' हेच नाव होतं. पाणबुडी परत गेली, नाव आपल्याकडे राहिलं.

११. शहराचं नाव बदललं तर नौकेचं बदलतात का?

नाही. सुरुंग काढणारी 'कॅनानोर' गावाचं नाव कण्णूर झालं तरी कॅनानोरच राहिली. बदल झालाच तर पुढच्या नौकेला होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली नौका 'बॉम्बे' होती, आणि २२ जानेवारी २००१ रोजी दाखल झालेली विनाशिका 'मुंबई'.

१२. लोणावळ्यात समुद्र नाही. मग 'आयएनएस शिवाजी' जहाज आहे की नाही?

जहाज नाही, नौदलाची सागरी अभियांत्रिकी शिकवणारी संस्था आहे. किनाऱ्यावरच्या आस्थापनांनाही जहाजासारखंच दाखल करून घ्यायचं आणि नाव द्यायचं, ही ब्रिटिश नौदलाकडून आलेली रीत. तिथला माणूस कागदोपत्री 'जहाजावर' असतो. फाटकातून बाहेर बाजारात जायचं तरी नौसैनिक म्हणणार, 'अशोर जातोय', म्हणजे किनाऱ्यावर जातोय.

१५ फेब्रुवारी १९४५ रोजी ही संस्था दाखल झाली तेव्हा तिचं नाव होतं 'एचएमआयएस शिवाजी'. ब्रिटिश राजाच्या जहाजाला शिवाजी महाराजांचं नाव, तेही स्वातंत्र्याच्या अडीच वर्षं आधी! मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या आवारातल्या 'डलहौसी'चं नाव १९५१ मध्ये 'आंग्रे' झालं. ज्या कान्होजी आंग्र्यांना कंपनी सरकार मुंबईच्या किल्ल्यातून शिव्या घालत होतं, त्यांचं नाव आता त्याच किल्ल्यावर आहे.

नौदलाच्या विमानतळांना पक्ष्यांची नावं देतात: गोव्यात हंस, कोचीत गरुड, कुलाब्यात शिक्रा, अंदमानात उत्क्रोश.

१३. महाराष्ट्र आणि गोव्याशी नातं सांगणारी नावं कोणती?

मुंबई, सह्याद्री, गोदावरी या ठळक. क्षेपणास्त्र कॉर्व्हेट विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग सत्तरच्या दशकात आल्या होत्या. सुरुंग काढणाऱ्या नौकांत रत्नागिरी आणि कोकण होत्या. मालवण हे नावही आधी अशाच एका नौकेचं होतं. आता ते उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी नौकेला मिळालं आहे. त्याच कामासाठी बांधलेली 'अर्नाळा' १८ जून २०२५ रोजी दाखल झाली. वसईजवळच्या जलदुर्गाचं हे नावही दुसऱ्यांदा आलेलं.

गोव्याची 'मुरगाव' ही विनाशिका पहिल्यांदा समुद्रात गेली १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी. 'अंजदीव' ('अंजदीप' असंही लिहितात) हे कारवारसमोरचं बेट. १९६१ मध्ये ते सोडवताना ७ नौसैनिक गेले. पुढे त्या बेटाचं नाव एका कॉर्व्हेटला दिलं आणि आता नव्या नौकेला. शिडाची 'म्हादेई' गोव्यात बांधली आणि गोव्याच्याच नदीचं नाव घेऊन दोनदा एकट्या दर्यावर्दीबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली: आधी दिलीप दोंदे, मग अभिलाष टॉमी.

माझ्या मनात पहिला मान मात्र खांदेरीचा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांची मोठी जहाजं वाट अडवून उभी होती, सिद्दीचं आरमारही आलं. महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या माणसांनी लहान होड्यांतून, रात्रीच्या अंधारात, थळच्या किनाऱ्यावरून सामान पोचवत तटबंदी चढवली. अखेर इंग्रजांनी नाद सोडला. मोठ्या जहाजाच्या नजरेआड, अंधारातून, शांतपणे जायचं: पाणबुडीला याहून नेमकं नाव सापडणं अवघड आहे. १९६८ ची खांदेरी १९८९ मध्ये निवृत्त झाली, दुसरी २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत दाखल झाली. थळहून होडीनं बेटावर गेलो होतो, तेव्हा तिथला तो प्रसिद्ध दगड वाजवून पाहिला. लहान खड्यानं ठोकलं की तांब्याच्या भांड्यासारखा नाद येतो. वर वेताळाचं देऊळ, पलीकडे कान्होजींच्या नावाचं दीपगृह, आणि क्षितिजावर मुंबईकडे निघालेली जहाजं.

१४. थोर माणसांची नावं लढाऊ नौकांना का देत नाहीत?

माणसांची नावं बहुतेक किनाऱ्यावरच्या आस्थापनांना दिली जातात (प्रश्न १२). तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांत 'राणी अब्बक्का' आहे, पण ते दल वेगळं. परमवीर चक्र मिळवणाऱ्यांची नावं भारतीय नौवहन महामंडळानं आपल्या तेलवाहू जहाजांना दिली होती. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांचंही नाव त्यांत होतं. ते युद्धनौकेचं नव्हतं, म्हणून 'आयएनएस राणे' शोधायला जाल तर सापडणार नाही.

१५. 'ती' विक्रांत म्हणायचं, 'तो' की 'ते'?

मराठीत नाव कुणाचं यापेक्षा वस्तू कोणती यावर लिंग ठरतं. नौका, विनाशिका, पाणबुडी म्हटलं की ती. जहाज म्हटलं की ते. 'विक्रांत' हा शब्द पुल्लिंगी असला तरी आपल्या तोंडी 'विक्रांत आली' असंच येतं आणि ते बरोबर आहे. त्रिशूल, हंस अशा नावांत जीभ अडखळते. मी वर 'जुना त्रिशूल' लिहिलं ते सवयीनं. 'जुनी त्रिशूल' म्हणालात तरी चूक नाही.

१६. नौका दुसऱ्या देशाला दिली तर नाव तिच्याबरोबर जातं का?

नाव जात नाही. 'सिंधुवीर' पाणबुडी २०२० मध्ये म्यानमारला दिली, तिथे तिला त्यांचं नाव मिळालं. प्रश्न ९ मधली 'कृपाण' जुलै २०२३ मध्ये व्हिएतनामला दिली. ते नाव आता पुढच्या नौकेसाठी मोकळं आहे.

१७. जुन्या विक्रांतचं काय झालं? तिचं काही शिल्लक आहे का?

संग्रहालय चालवणं झेपलं नाही. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि मुंबईतल्या दारूखाना या जहाजं तोडण्याच्या जागी तोडली. ती वाचवण्यासाठी मुंबईत बऱ्याच लोकांनी धडपड केली होती आणि आजही त्या विषयावर बोलताना अनेकांचा आवाज बदलतो. तिचं काही पोलाद बजाजनं घेऊन २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटरसायकल काढली. रस्त्यावर ती गाडी दिसली तर टाकीवरच्या 'व्ही'कडे जरा थांबून पाहा.

१८. आमच्या गावाचं नाव नौकेला मिळावं म्हणून अर्ज करता येतो का?

संरक्षण मंत्रालयाला पत्र लिहायला कुणाचीच आडकाठी नाही, पण लोकांची मतं मोजून नाव ठरत नाही. पत्र लिहायचंच असेल तर आधी पाहा की ते नाव पूर्वी कोणत्या नौकेला होतं का, ती केव्हा निवृत्त झाली आणि तिच्यावर काम केलेलं कुणी तुमच्या तालुक्यात आहे का. त्या माणसाचं नाव आणि त्याच्या आठवणी पत्रात लिहा. रत्नागिरीकरांनो, तुमचं नाव सध्या मोकळं आहे.